पडदे चुकीचे नाहीत, वाद्यच वेगळं आहे: जुन्या सामानात मिळालेल्या हाताने बनवलेल्या तंतुवाद्याबद्दल

तुमचा प्रश्न वाचला, मोजमापं वाचली, फोटो मोठे करकरून बघितले. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या सामानात एक लांबट लाकडी वाद्य मिळालंय, साधारण ९० सेंटीमीटर लांब, मधे कमरेसारखं आत गेलेलं, वरच्या फळीवर बदामाच्या आकाराची चार भोकं, डोक्याला चार खुंट्या. तार एकही नाही आणि घोडी, म्हणजे शेपटाकडे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात, तीही नाही. विकणाऱ्याने "सतारीचा कुठलातरी जुना प्रकार" असं सांगितलं. तुमचा अंदाज असा की कुणीतरी दांडी कापून ती बॉडीवरच चिकटवून टाकलीय, पडदे, म्हणजे सूर बदलायला ज्यांच्यावर तार दाबतात त्या आडव्या पट्ट्या, अर्धे तुटलेत आणि जे उरलेत तेही वेड्यावाकड्या अंतरावर आहेत, म्हणजे बनवणाऱ्याला येत नव्हतं. आणि विचारलंय की नाव काय, किती जुनं, तारा कुठल्या लावायच्या आणि घासून पॉलिश करू का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्याची घाई आहे. घासू नका. पॉलिश पेपर हातात घेऊ नका, रंग काढायचं लिक्विड लावू नका, ओल्या फडक्याने पुसूही नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. का ते पुढे कळेलच.

आता मुद्द्याचं. तुम्ही नाव विचारताय पण खरी अडचण नावाची नाहीये, नाव कळलं तरी चुकीच्या तारा चढवल्या तर वरची फळी उचकटेल. खरी अडचण ही की बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते शोधायचंय, म्हणजे किती तारा, त्यातल्या बोटाने दाबायच्या किती, घोडी नेमकी कुठे आणि वाद्य धरायचं कसं. आणि तुम्हाला ज्या तीन गोष्टी बिघाड वाटतायत, बॉडीवर चिकटलेली दांडी, अर्धे पडदे, वेडीवाकडी अंतरं, त्या तीनच गोष्टींवरून हे सगळं कळतंय. मला तरी त्यातली एकही बिघाड वाटत नाही.

माझं काम तंतुवाद्यं दुरुस्त करायचं, त्यात हाताने बनवलेली निनावी वाद्यं बरीच येतात, आणि अशा वाद्याच्या बाबतीत मी आकारावरून सुरुवात करतच नाही. घरी वाद्य बनवणारा माणूस आकार कुठूनही उचलतो, कधी गिटारचा, कधी व्हायोलिनचा, कधी हाताशी असलेल्या फळीला जो बसेल तो. बदामाची भोकं काय कुणीही पाडेल. पण तारेचा रस्ता मात्र मनाला येईल तसा नाही करता येत. तार कुठून निघते, कशावर टेकते, तिचा किती भाग मोकळा थरथरतो, हे चुकलं तर वाद्य वाजतच नाही, म्हणून तिथे बनवणाऱ्याचा हेतू स्पष्ट दिसतो. हॉर्नबॉस्टेल आणि साक्स या दोन संगीत अभ्यासकांनी १९१४ मध्ये वाद्यांचं जे वर्गीकरण केलं, जे आजही संग्रहालयं वापरतात, तेही हेच बघतं की तारा कशावर ताणल्यात. बॉडीतून दांडी बाहेर निघाली आणि तारा त्या दांडीवरून गेल्या तर एक घराणं, सतार, गिटार, सरोद, व्हायोलिन सगळी त्यातली. आणि दांडीच नाही, तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉडीवरूनच जातात, तर ते झिदर घराणं. स्वरमंडळ आणि संतूर त्यातलेच.

तुमच्या वाद्याला दांडी नाही. बॉडीच्या मधोमध जी उंच पट्टी आहे तिला तुम्ही कापलेली दांडी समजताय, पण तुमच्याच बाजूने काढलेल्या फोटोत बघा, ती डोक्यापासून शेपटापर्यंत सलग गेलीय, रुंदी सगळीकडे सारखीच, तुम्ही मोजलीत ती ३८ मिलिमीटर, आणि लाकडाची रेघही कुठे तुटत नाही. कुठल्या गिटारची दांडी कापली असती तर ती एका टोकाला निमुळती असती आणि बॉडीला जोडायच्या जागी जाड टाच तरी असती किंवा ती तासल्याची खूण तरी असती. इथे दोन्ही नाही. म्हणजे पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच आहे.

आता पडदे. तुम्ही म्हणताय प्रत्येक पडद्याचा अर्धा भाग तुटून गेलाय. जवळून काढलेल्या फोटोत दिसतं की पडदा म्हणजे यू आकारात वाकवलेली बारीक तार आहे, तिची दोन्ही टोकं पट्टीत ठोकलीत, आणि ती पट्टीच्या एकाच कडेला आहे, जेमतेम १५ मिलिमीटर. उरलेल्या भागात मी भोकं शोधली, तारेची नाहीत, खिळ्याची नाहीत, करवतीची खाचही नाही, सलग स्वच्छ लाकूड आहे. तुटलेला पडदा जाताना काहीतरी मागे ठेवून जातो. इथे मागे काहीच नाही म्हणजे तिथे कधी काही नव्हतंच. पडदे मुद्दाम एका कडेपुरते आहेत, कारण दाबायची तार फक्त त्या कडेची आहे आणि बाकीच्या तारा मोकळ्याच वाजायच्यात.

याला जोड मिळते मेरूवरून, म्हणजे डोक्याकडच्या ज्या पट्टीवरून तारा खुंट्यांकडे वळतात तिच्यावरून. तिथे खाचा चार आहेत पण सारख्या अंतरावर नाहीत, पडद्यांच्या कडेच्या दोन एकमेकींना चिकटून, जेमतेम ३ मिलिमीटर अंतर, आणि बाकीच्या दोन लांब लांब. जवळच्या दोन म्हणजे जोडीची तार, दोन्ही एकत्र दाबायच्या, सूर भरदार यावा म्हणून. बाकीच्या दोन आस देणाऱ्या, तंबोऱ्यासारखा आधार धरून ठेवणाऱ्या.

आणि आता अंतरं, ज्यासाठी खरं तर एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. तुम्ही मेरूपासून पहिल्या सात पडद्यांची अंतरं मिलिमीटरमध्ये दिलीत, फार चांगलं केलंत, बहुतेक लोक नुसता फोटो टाकतात. ७५, १४२, १७३, २३०, २८०, ३०३, ३४५. गिटारच्या सवयीने बघितलं तर ही अंतरं गोंधळाची वाटतात कारण गिटारवर प्रत्येक पडदा आधीच्यापेक्षा थोडा जवळ येत जातो, एका लयीत. इथे दोन पडद्यांमधली अंतरं काढा: ७५, ६७, ३१, ५७, ५०, २३, ४२. मोठं, मोठं, छोटं, मोठं, मोठं, छोटं, मोठं. हा गोंधळ नाहीये, हे सप्तक आहे. मोकळ्या तारेला सा धरा, मग पडदे येतात रे, ग, म, प, ध, कोमल नी आणि वरचा सा. खमाज थाट सरळ सरळ. बाराच्या बारा स्वरांचे पडदे बसवलेच नाहीत, फक्त सप्तकातले सात स्वर बसवलेत.

हे नुसतं कानाने नाही, आकड्यानेही तपासता येतं. वरचा सा तारेच्या बरोबर अर्ध्यावर येतो. तो आहे ३४५ वर, म्हणजे मेरू ते घोडी तारेची मोकळी लांबी ३४५ दुणे ६९० मिलिमीटर. पंचमाची तार पूर्ण तारेच्या दोन तृतीयांश लांबीची असते, म्हणजे मेरूपासून एक तृतीयांशावर पडदा, ६९० भागिले ३ बरोबर २३०, तुमचा पडदा २३० वरच आहे. मध्यम एक चतुर्थांशावर, १७२.५, तुमचा १७३. आणि तुम्ही जे सहज लिहून गेलात की शेपटाकडे ६९३ वर पट्टीवर एक फिकट आडवी रेघ आणि बारीक दाब दिसतो, तीच घोडीची जागा. ३ मिलिमीटर जास्त का, तर तार दाबली की ती किंचित ताणली जाऊन सूर चढतो, तो चढ काढायला घोडी थोडी मागे सरकवतात. ज्याला येत नाही तो माणूस हे ३ मिलिमीटर ठेवत नाही. बनवणाऱ्याला पक्कं माहीत होतं तो काय करतोय.

अजून एक बारकावा आहे, मला तो सगळ्यात जास्त आवडला. गंधार बघा. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो शुद्ध गंधार, त्याचा पडदा बरोबर एक पंचमांशावर यायला हवा, ६९० चा एक पंचमांश म्हणजे १३८. तुमचा आहे १४२ वर. धैवतही तसाच, शुद्ध गणिताने २७६ यायला हवा, तुमचा २८०. चार चार मिलिमीटरचा फरक हात हलल्याने होत नाही, तोही दोन्हीकडे एकाच दिशेने. पण हार्मोनियम आणि गिटारचं जे समान भागांचं गणित असतं, ज्यात तारेची लांबी १७.८१७ ने भागून पहिला पडदा काढतात आणि उरलेली लांबी पुन्हा भागत जातात, त्या गणिताने गंधार येतो १४२.३ वर आणि धैवत २७९.७ वर. जुळलं. म्हणजे बनवणाऱ्याने पडदे कानाने लावले नाहीत, कोष्टकावरून किंवा गिटारच्या पडद्यांवरून मोजून लावले. कानाने लावणारा मोकळ्या तारांच्या आसेबरोबर गंधार जुळवत जातो आणि मग तो १३८ कडे झुकतोच. वय ठरवताना हे पुन्हा लागेल.

आता झीज, आणि म्हणूनच मी घासू नका म्हटलं. पडद्यांच्या कडेला, जोडीच्या तारेच्या बरोबर खाली, लाकूड गुळगुळीत चकाकतंय, आणि ती चकाकी पहिल्या पडद्यापासून दहाव्या बाराव्यापर्यंत सलग पट्ट्यासारखी आहे. नुसत्या बोटांनी वाजवलेल्या वाद्यावर दोन पडद्यांच्या मधे वेगवेगळे खळगे पडतात, जिथे बोट टेकतं तिथे. सलग पट्टा पडतो तो तारेवरून काहीतरी सरकवत नेलं की. इथे लाकडाची किंवा बांबूची छोटी काडी जोडीच्या तारेवर दाबून पुढेमागे सरकवत वाजवलेलं दिसतंय. आणि शेवटचा पडदा आणि घोडीची रेघ यांच्या मधे पट्टी खोलगट तासलेली आहे, तिथे उभेआडवे बारीक ओरखडे आहेत. ती तार छेडायची जागा, खोलगट अशासाठी की छेडणारी नखी लाकडाला लागू नये. घासलंत की पट्टाही गेला आणि ओरखडेही गेले, मग वाद्य कसं वाजायचं हे सांगणारं काही राहत नाही.

सगळं एकत्र केलं तर उत्तर जवळपास एकच उरतं. हे अ‍ॅपलाशियन डल्सिमर आहे, माउंटन डल्सिमरही म्हणतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाशियन डोंगरपट्ट्यातलं लोकवाद्य, केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना वगैरे भागातलं. मांडीवर आडवं ठेवायचं, डोकं डाव्या हाताला, जोडीची तार आपल्या पोटाकडे, डाव्या हातात काडी, उजव्या हातात नखी, पूर्वी नखीऐवजी हंसाच्या पिसाची दांडीही वापरत. फक्त सुराच्या तारेखाली तारेचे यू ठोकणं ही तिथल्या जुन्या बनवणाऱ्यांची पद्धतच. शोधताना एक लक्षात ठेवा, नुसतं डल्सिमर टाकलंत तर संतूरसारखं काड्यांनी ठोकून वाजवायचं चौकोनी वाद्य समोर येईल, ते पूर्ण वेगळं, त्याच्या तारांची माहिती इथे लावू नका.

याची भावंडं युरोपात आहेत आणि कधीकधी गल्लत होते म्हणून दोन ओळी. जर्मनीचं शाइटहोल्ट, ज्याचं वर्णन प्रिटोरियस या जर्मन संगीतकाराने १६१९ मध्ये करून ठेवलंय, नॉर्वेचं लांगेलाइक, स्वीडनचं हुमेल, फ्रान्सच्या व्होज भागातलं एपिनेट. जर्मन स्थलांतरितांबरोबर हा प्रकार पेनसिल्व्हेनियात आणि तिथून डोंगरात गेला असं साधारण मानलं जातं. फरक असा की शाइटहोल्ट ही सरळ अरुंद पेटी असते, पडदे तिच्याच वरच्या फळीवर ठोकलेले. लांगेलाइकला आस देणाऱ्या तारा पुष्कळ असतात, सात आठसुद्धा. रुंद बॉडी, कमरेचा आकार, मधोमध उचललेली पट्टी, तिघांचा असा मेळ अमेरिकेतल्या भावंडाचा. तरीही हाताने बनवलेल्या वाद्याबद्दल मी "जातीने हे आहे" एवढंच छातीठोकपणे म्हणतो, "तिथेच बनलंय" असं म्हणत नाही. वाद्य बनवायचे नकाशे आणि मापं जगभर फिरतात, कुणीही कुठेही बसून हे बनवू शकतो.

वय. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि फोटोवरून मी टोकाचं बोलणार नाही. एका बाजूला यू तारेचे पडदे आणि लाकडी खुंट्या, ही जुनी पद्धत. शिवाय नवीन डल्सिमरवर सहाव्या आणि सातव्या पडद्याच्या मधे शुद्ध निषादासाठी एक जादा पडदा असतो, तुमच्या लांबीला तो ३२४ ते ३२५ मिलिमीटरवर आला असता, तिथे काही नाही. पण दुसऱ्या बाजूला समान भागांचं गणित आहे, जोडीची तार आहे, जी जुन्या तीन तारांच्या वाद्यांवर फारशी नसायची, आणि शेपटाकडे दोन स्टार स्क्रू आहेत. फुलीच्या खाचेचा हा स्क्रू हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखला जातो, त्याची पेटंटं १९३६ ची, त्यामुळे स्क्रू मूळचे असतील तर वाद्य त्याआधीचं असूच शकत नाही. मूळचे आहेत का हे बघायला भिंगाने स्क्रूचं डोकं बघा. वॉर्निश डोक्यावरून आणि कडेवरून सलग वाहिलेलं असेल, खाचेतसुद्धा साचलं असेल, तर स्क्रू आधी आणि वॉर्निश नंतर, म्हणजे मूळचे. स्क्रूच्या भोवती वॉर्निश चिरलेलं, कपचे उडालेले असतील तर कुणीतरी नंतर बसवलेत आणि मग त्यावरून वय काढता येत नाही.

माझा कल सांगायचा तर हे १९५० नंतरचं असावं. केंटकीच्या जीन रिची यांनी, जन्म १९२२, न्यूयॉर्कमध्ये लोकगीतं गाताना हे वाद्य शहरातल्या श्रोत्यांसमोर आणलं, त्यानंतर लोकसंगीताच्या लाटेत भरपूर हौशी लोकांनी घरी डल्सिमर बनवली, नकाशावरून, तयार किटमधूनही. तुमचं किटचं वाटत नाही, यू पडदे आणि हाताने कोरलेल्या खुंट्या किटमध्ये कोण देणार, जुनं वाद्य डोळ्यासमोर ठेवून पण अंतरं कोष्टकावरून मोजून कुणा हातखंडा सुताराने केलेलं वाटतंय. कल आहे, निकाल नाही. आतून बघितल्यावर बदलू शकतो. बदामाच्या भोकातून छोटा आरसा आणि टॉर्च घालून आत बघा किंवा मोबाइलचा कॅमेरा भोकाला टेकवून फोटो घ्या. लेबल, पेन्सिलीची सही, आकडा, काहीही असू शकतं. केंटकीचे एड थॉमस, १८५० ते १९३३, हे जुन्यातले नावाजलेले बनवणारे आपल्या वाद्यांना नंबर घालत. तुमचं त्यांचं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण असल्या खुणा आतच सापडतात. त्याच वेळी जोडांवरचा गोंदही बघून घ्या. काचेसारखा कडक, मधाच्या रंगाचा, कपचे उडणारा असेल तर तो सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद, नखाने दाबल्यावर रबरासारखा लागणारा पांढरट पिवळट असेल तर फेविकॉलच्या जातीचा, म्हणजे अलीकडचा. फळी प्लायवुडची आहे का तेही भोकाच्या कडेवर लगेच दिसेल, तिथे थर उघडे असतात.

किमतीबद्दल विचारलं नाहीत पण पुढे विचाराल म्हणून. सही नसलेलं हौशी माणसाचं वाद्य वाजवण्यासाठी मोलाचं, संग्राहकाच्या बाजारात फारसं नाही. सही किंवा नंबर सापडला तर मात्र कुठलीही दुरुस्ती करायच्या आधी जाणत्याला दाखवा.

आता तारा. घोडी नाही, तारा नाहीत, म्हणून लोक पहिलं काय करतात तर गिटारचा सेट आणून चढवतात, आणि मग दोन दिवसांत पट्टी उचलली जाते. गिटारच्या सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो. डल्सिमरची फळी बरीचशी ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असते, तिला तेवढा ताण झेपत नाही. ६९० लांबीसाठी मी असं लावेन: जोडीच्या दोन्ही तारा आणि मधली, तिन्ही साध्या स्टीलच्या ०.३० मिलिमीटर जाडीच्या, आणि लांबची खर्जाची गुंडाळलेली ०.५६ मिलिमीटरची. खर्ज सा, बाकी तिन्ही त्याच्या वरचा प. पाश्चात्य पट्टीत सांगायचं तर खर्ज डी, १४७ हर्ट्झच्या जवळ, आणि प म्हणजे ए, २२० हर्ट्झ. माझ्या हिशेबाने प च्या प्रत्येक तारेवर साडेपाच किलोच्या आत ताण येतो, खर्जावर सहाच्या आसपास, चार मिळून २२ किलो. पण पहिल्या दिवशी इथपर्यंत जाऊच नका. एक स्वर खाली, सी आणि जी वर थांबा, ताण सुराच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे एका स्वराने तो पाचव्या हिश्श्याने कमी होतो.

या लावणीत एक गंमत कळेल. जोडीची तार मोकळी प ला आहे त्यामुळे तिचा तिसरा पडदा सा होतो आणि तिथून वर चढलात की पूर्ण बिलावल मिळतो, सगळे शुद्ध स्वर, खालच्या तीन जागांवर मंद्र प, ध, नी. उलट जोडीची तार खर्जाच्या वरच्या सा ला लावलीत तर मोकळ्या तारेपासून खमाज, पण त्यासाठी या दोन तारा ०.२५ मिलिमीटरच्या बारीक घ्या, ०.३० च्या तारेवर तिथे सव्वानऊ किलो येतील. पडदे तेच राहतात, तार वेगळ्या सुरात लावली की थाट बदलतो. म्हणूनच सात स्वरांचे पडदे पुरतात.

तारा चढवण्याआधी तीन गोष्टी तपासायच्याच. पट्टी आणि फळीचा जोड कुठे उघडलाय का, पातळ कागद आत सरकतो का ते कडेकडेने बघत जा. ही पट्टी बऱ्याच वेळा खालून पोकळ असते त्यामुळे जोड दोन अरुंद कडांवरच असतो, कागद सरकला तर तार लावू नका. सरस असेल तर उब आणि ओलाव्याने तो परत जिवंत करता येतो, पण तिथे झटपट गोंद किंवा इपॉक्सी भरलंत तर पुढचा कुणीही नीट दुरुस्त करू शकणार नाही. दुसरं, भुंगा. बारीक भोकं जुनी असणं वेगळं आणि त्यातून ताजं पिवळसर पीठ पडणं वेगळं. काळ्या कागदावर वाद्य आठवडाभर ठेवा, पीठ पडलं तर कीड जिवंत आहे आणि आधी तिचा बंदोबस्त, बाकीची वाद्यं लांब. तिसरं, खुंट्या. लाकडी खुंटी घसरत असेल तर खडू लावा, अडकत असेल तर किंचित कोरडा साबण, तेल चुकूनही नाही.

घोडी साध्या कडक लाकडाची करा, चिकटवू नका, तारांच्या दाबाखालीच ती उभी राहते. उंची थोडी जास्त ठेवून सुरुवात करा, तासून कमी करता येते. ६९३ च्या रेघेवर ठेवा, आधी फक्त जोडीतली एक तार चढवा. मोकळ्या तारेच्या बरोबर अर्ध्यावर बोट नुसतं टेकवून छेडलं की बारीक घंटीसारखा वरचा सूर येतो, तो ऐका, मग सातवा पडदा दाबून तोच सूर ऐका. दाबलेला चढा आला तर घोडी शेपटाकडे केसभर सरकवा, उतरला तर डोक्याकडे. हे जुळल्याशिवाय बाकीच्या तारा लावू नका. चारही लागल्यावर एक दिवस तसंच ठेवा आणि पट्टीवर सरळ मोजपट्टी ठेवून बघा वाद्याची पट्टी मधे उचललीय का.

माझं मत कशाने बदलेल तेही सांगतो. चौदावा पडदा मेरूपासून ५१७ ते ५१८ वर असायला हवा, तिथे दोन सप्तकं पूर्ण होतात. तो बराच वेगळा निघाला, किंवा पट्टीच्या मोकळ्या बाजूला बुजवलेली भोकं भिंगातून दिसली, किंवा शेपटाला तारा अडकवायचे खिळे चारपेक्षा जास्त सापडले, तर वाद्यावर नंतर कुणीतरी हात फिरवलाय आणि हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तेव्हा तारा आणायच्या आधी आठव्या ते चौदाव्या पडद्याची अंतरं, शेपटाचा समोरून फोटो, स्क्रूच्या डोक्यांचा अगदी जवळून फोटो आणि बदामाच्या भोकातून आतला फोटो टाका, आणि फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा म्हणजे माप कळेल.